परांची बांधणाऱ्यांचा व्यवसाय : इतिहास आणि आजची संधी

कोणतीही मोठी इमारत पुरी झाली म्हणजे तिच्या शिल्पकाराचे कौतुक होते, देणगीदाराचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाते आणि उद्घाटनाच्या समारंभात कंत्राटदारासही शाल-श्रीफळ मिळते. पाया जमिनीखाली गेला तरी तो तेथे असतो. कवी आणि वक्ते त्याची आठवण काढतात. परंतु ज्या परांचीवर उभे राहून गवंड्याने विटा रचल्या, सुताराने तुळया चढविल्या आणि रंगाऱ्याने अखेरचा हात फिरविला, ती परांची समारंभापूर्वीच उतरविली जाते. तिच्याबरोबर ती बांधणाराही विस्मरणात जातो. जगाच्या बांधकामाच्या इतिहासात इतका आवश्यक आणि इतका अनुल्लेखित असा दुसरा व्यवसाय क्वचितच सापडेल.

प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. ह्या व्यवसायाचा पूर्वेतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडावा हा एक. आणि तो इतिहास पाहून आपल्या घरांतील तरुणांनी ह्या कामाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे हा दुसरा. शालान्त परीक्षा झाल्यावर मुलगा कचेरीतच गेला पाहिजे, हातात हत्यार घेणे म्हणजे एक पायरी खाली उतरणे होय, अशी समजूत आपल्या समाजात अद्याप पुष्कळ घरांत आहे. ती खरी की खोटी हे उपदेशाने ठरत नाही, उदाहरणांनी ठरते. म्हणून प्रथम उदाहरणे पाहू.

जुन्या काळातील खुणा

आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत थोर वास्तूपासून आरंभ केला तर मोठी मौज दिसते. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या उत्तरार्धाशी, जोडले जाते. हे देवालय खालून वर रचलेले नाही. ते डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत आणलेले आहे. शिखर प्रथम, पायथा अखेरीस. त्यामुळे कारागिराला उभे राहण्यास जो आधार लागतो तो न कापलेल्या कातळानेच पुरविला. डोंगर हीच परांची, आणि जसजसे काम पुरे होईल तसतशी ती कापून काढावयाची, अशी ही योजना होती. उंचीवर माणसाने उभे कसे राहावे हा प्रश्न वास्तुकलेच्या मुळाशीच आहे, आणि त्याच्या उत्तरावर संपूर्ण वास्तूची रचना कशी अवलंबून असते, हे कैलासाइतके स्पष्टपणे दुसरीकडे दिसत नाही.

जेथे दगडावर दगड रचून भिंत उभारावयाची तेथे मात्र लाकूड, बांबू आणि दोर यांना पर्याय नव्हता. युरोपातील मध्ययुगीन किल्ल्यांच्या भिंतींत ठराविक अंतरावर चौकोनी भोके दिसतात. आडव्या दांड्यांची टोके भिंतीत टेकविण्यासाठी ती ठेवलेली असत. सर्वसाधारणपणे ही भोके सरळ आडव्या रांगेत असतात. परंतु वेल्स प्रांतातील कॉनवे आणि हार्लेक ह्या तेराव्या शतकाच्या अखेरच्या किल्ल्यांत काही ठिकाणी ती बुरुजाभोवती चढत जाणाऱ्या तिरप्या रांगेत आहेत. म्हणजे तेथे परांची घाटरस्त्याप्रमाणे चढ घेत वर जात होती आणि तिच्यावरून सामान वाहून नेता येत होते. हीच पद्धत आल्प्स पर्वताकडील सॅव्हॉय प्रदेशातील किल्ल्यांत आढळते. इंग्लंडच्या राजाने हे किल्ले बांधण्यास सॅव्हॉयकडील कारागीर आणले होते, ह्या निष्कर्षाला इतिहाससंशोधकांनी जे पुरावे दिले त्यांत ही भोके महत्त्वाची मानली जातात. परांची सातशे वर्षांपूर्वी उतरविली गेली. बांधणाऱ्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. तरी त्यांच्या हाताची रीत भिंतीवर राहिली आणि त्यांच्या गावाचा पत्ता तिने सांगितला.

रोममधील दोन गोष्टी

मायकेलअँजेलोने रोम येथील सिस्टिन प्रार्थनागृहाचे छत १५०८ ते १५१२ ह्या काळात रंगविले, हे बहुतेकांस ठाऊक असते. त्याच्या परांचीची हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही. चरित्रकार व्हासारी लिहितो की, प्रथम वास्तुविशारद ब्रामान्ते याने छताला भोके पाडून दोरांनी टांगलेली परांची उभारली. चित्र पुरे झाल्यावर ही भोके कशी बुजवावयाची, असा प्रश्न मायकेलअँजेलोने विचारला आणि त्यास समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तेव्हा त्याने भिंतीस न टेकणारी, छतास न टांगलेली अशी निराळी परांची स्वतः योजिली. ह्या फेरफारामुळे इतके दोरखंड शिल्लक राहिले की, ते त्याने आपल्या गरीब सुतारास देऊन टाकले, आणि त्यांच्या विक्रीतून त्या सुताराने आपल्या मुलीच्या हुंड्याची तरतूद केली, असेही व्हासारी सांगतो. चरित्रकाराने गोष्ट थोडी रंगविली असेल. परंतु परांचीच्या योजनेत बुद्धी चालविली तर किती सामान वाचते, हा तिचा आशय व्यवहारी माणसास पटण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अठराव्या शतकात रोमच्या सेंट पीटर मंदिराच्या देखभालखात्यात निकोला झाबालिया नावाचा एक कारागीर होता. त्यास लिहिता-वाचता येत नव्हते. त्या विशाल घुमटाच्या आतील दुरुस्तीसाठी त्याने अशा काही परांच्या योजिल्या की, अत्यंत थोड्या लाकडात, मंदिरातील नित्याचे व्यवहार न थांबविता, माणसे पाहिजे त्या उंचीवर पोहोचू लागली. १७३६ साली एक प्रचंड भित्तिचित्र भिंतीसकट उतरवून दुसऱ्या चर्चमध्ये नेण्याचे अवघड काम त्याच्याच देखरेखीखाली झाले. खात्याने त्याची योग्यता ओळखली. इतर कामगारांना शिकविण्याचे काम त्याजकडे आले, आणि १७४३ साली त्याच्या परांच्यांचा व यंत्रांचा मोठ्या ताम्रपट-चित्रांसह एक भव्य ग्रंथ रोम येथे प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथावर नाव आहे ते ह्या निरक्षर कारागिराचे. १७५० साली तो वारला तेव्हा तो आपल्या कलेतील आचार्य गणला जात होता.

झाबालियाचा उत्कर्ष केवळ त्याच्या अंगच्या हुशारीने झाला असे म्हणता येणार नाही. त्याचे कौशल्य कोणीतरी पारखले, कागदावर उतरविले आणि पुढील पिढीस शिकविण्याची सोय केली. हुशार कारागीर सर्व देशांत आणि सर्व ज्ञातींत होऊन गेले. परंतु नोंद, शिक्षण आणि मान्यता ह्या तीन गोष्टी ज्यांना लाभल्या त्यांचाच व्यवसाय वाढला. पुढील सर्व इतिहासात हेच सूत्र दिसून येईल.

मुंबईचा मनोरा

आपल्या मुंबई शहरातील विश्वविद्यालयाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे त्यासाठी द्रव्य दिले आणि नकाशे विलायतेतील सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केले. मनोऱ्याची उंची सुमारे २८० फूट आहे. ह्या मनोऱ्याच्या वरच्या भागात पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या ज्ञातींचे चोवीस पुतळे आहेत. ते रावबहादुर मुकुंद रामचंद्र ह्या आपल्या एतद्देशीय साहाय्यक इंजिनियराने घडविले. आपापल्या ज्ञातीचा अभिमान बाळगणाऱ्या मुंबईकरांनी एकदा तरी मान वर करून हे पुतळे पाहावेत.

ते पाहताना एक विचार मनात यावा. त्या उंचीवर दगड आणि मूर्ती चढविल्या त्या काळी लोखंडी नळ्यांच्या परांच्या जगात कोठेच प्रचारात नव्हत्या. लाकडी वासे, बांबू आणि दोर यांवरच त्या काळच्या उंच कामांची भिस्त असे. पुतळे घडविणाऱ्याचे नाव आपणांस ठाऊक आहे, नकाशे काढणाऱ्याचे आहे, पैसे देणाऱ्याचेही आहे. ज्यांनी गाठी मारल्या त्यांचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले नाही. २०१८ साली हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला, तेव्हा ह्या अनामिकांच्या श्रमाचाही त्यात वाटा होता असे समजावयास हरकत नाही.

दोराच्या गाठीकडून लोखंडी चापाकडे

लाकडी वाशांची परांची सर्वस्वी गाठीवर अवलंबून असे. दोर पावसात भिजला की आखडतो, उन्हात वाळला की सैल पडतो, आणि गाठ कितपत घट्ट आहे हे मारणाऱ्यालाच ठाऊक. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील डॅनियल पामर-जोन्स आणि त्यांचे बंधू यांनी दोराच्या जागी वापरावयाचे एक धातूचे बंधन शोधून त्याचे पेटंट घेतले. १९१३ साली लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दर्शनी भागाचे नूतनीकरण निघाले. त्या कामावर हे साधन वापरले गेले आणि त्यास मोठी प्रसिद्धी मिळाली. १९१९ साली पामर-जोन्स यांनी सुधारलेला सर्वोपयोगी जोडचाप पुढे आणला. त्याच सुमारास ठराविक व्यासाच्या पोलादी नळ्या मिळू लागल्या होत्या. नळी एका मापाची आणि चाप त्या मापाला बसणारा, अशी जोडी जमताच परांचीचे हिशेब मांडणे शक्य झाले. आजही नळीचा बाहेरील व्यास ४८.३ मिलिमीटर हेच माप जगभर चालते.

ही घटना वरकरणी लहान वाटते. पण तिने व्यवसायाचे स्वरूप पालटले. गाठ ही एका माणसाच्या बोटांतील विद्या होती. चाप आणि नळी यांमुळे ती मोजता येणारी, तपासता येणारी आणि शिकविता येणारी विद्या झाली. परांची बांधणारे स्वतंत्र ठेकेदार निर्माण झाले. १९४५ साली ब्रिटनमध्ये त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापिली. आपल्या देशातही मानक संस्थेने १९६४ साली पोलादी परांचीच्या सामानाचे मानक, १९६७ साली नळ्यांच्या परांचीची संहिता आणि १९८७ साली परांचीच्या सुरक्षिततेची सुधारित संहिता प्रसिद्ध केली. हे दस्तऐवज बाळबोध भाषेत नाहीत. परंतु ज्यास ह्या व्यवसायात वर चढावयाचे आहे त्याने ते अभ्यासिल्याशिवाय गत्यंतर नाही.

हाँगकाँगचे बांबू-कारागीर

पोलाद आले म्हणून बांबू सर्वत्र हद्दपार झाला असे मात्र नाही. हाँगकाँग शहरात गगनचुंबी इमारतींना पायथ्यापासून माथ्यापर्यंत बांबूच्या परांच्या बांधण्याची कला आमच्या पिढीपर्यंत जोमाने टिकून राहिली. तेथे दोन जातींचे बांबू वापरतात : एक जाड, भार पेलणारा, दुसरा बारीक व हलका. तीन वर्षांहून कोवळा बांबू घेत नाहीत आणि तोडल्यावर तो काही महिने सावलीत वाळवितात. पूर्वी बांबूच्याच सालीने बांधत; नंतर नायलॉनच्या पट्ट्या आल्या. कारागीर पायांनी बांबूला विळखा घालून दोन्ही हात मोकळे ठेवतो आणि गाठ मारतो. तेथील बांधकाम-कामगार लु बान ह्या प्राचीन कारागिरास आपला आद्य गुरू मानतात. आपल्याकडील विश्वकर्म्याप्रमाणे त्याचा उत्सव दरवर्षी होतो, आणि १८८४ साली बांधलेले त्याचे मंदिर हाँगकाँगात आजही उभे आहे.

ह्या परंपरेचा मान राखूनही तेथील सरकारने शिक्षण आणि तपासणी सक्तीची केली. बांधकाम-उद्योग परिषदेमार्फत शिक्षण घ्यावे, परीक्षा द्यावी, नोंदणी करावी आणि उभारलेली परांची दर चौदा दिवसांच्या आत जाणत्या माणसाने तपासून सही करावी, असा नियम आहे. परंपरेने चालत आलेला कारागीर अशा रीतीने प्रमाणपत्रधारक झाला.

तथापि काळाचा ओघ येथेही थांबला नाही. मार्च २०२५ मध्ये सरकारने नव्या सरकारी इमारतींच्या निदान निम्म्या कंत्राटांत धातूच्या परांच्या वापराव्यात असे ठरविले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबर रोजी ताय पो भागातील वँग फुक कोर्ट ह्या वसाहतीत, दुरुस्तीसाठी परांच्यांनी वेढलेल्या मनोऱ्यांना भीषण आग लागून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नुसत्या बांबूला दोष द्यावा की परांचीवरील जाळी व खिडक्यांवर लावलेले फोमचे तक्ते यांना, ह्यावर तेथे पुष्कळ वाद झाला. जाळी आणि फोम यांकडे तपास करणाऱ्यांचे लक्ष विशेष गेले. आपण त्यातून घ्यावयाचा बोध एवढाच की, परांची बांधणाऱ्याची जबाबदारी दांडे आणि गाठी यांवर संपत नाही. त्यावर काय पांघरले, काय साठविले आणि आतील माणसे बाहेर कशी पडतील, हेही त्याने पाहिले पाहिजे.

पडझडीची शिकवण

ह्या व्यवसायात धोका आहे हे लपविण्यात अर्थ नाही. २७ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात विलो आयलंड येथे एका वीजकेंद्राचा शीतमनोरा बांधला जात असताना परांची कोसळून ५१ कामगार ठार झाले. ती परांची जमिनीवर उभी नव्हती. मनोऱ्याच्या भिंतीलाच जोडलेली होती आणि भिंतीबरोबर वर सरकत होती. आदल्या दिवशी ओतलेले काँक्रीट पुरेसे घट्ट झाले नव्हते. त्यावर भार येताच वरचा थर निखळला आणि सुमारे १६६ फुटांवरून सारी परांची माणसांसह खाली आली. लोखंड बळकट होते. ज्याला ते बांधले होते तेच कच्चे होते. थोडी वाट पाहिली असती, थोडी परीक्षा घेतली असती, तर ही घरे उजाड झाली नसती.

म्हणून जाणता परांचीकार चार-पाच गोष्टींवर प्राणापलीकडे कटाक्ष ठेवतो. उभ्या खांबाखाली पक्की जमीन आणि भार पसरविणारी फळी असावी, कारण खांब खचला की वरचे सर्व गणित चुकते. खांब ओळंब्यात असावेत. आडवे-उभे दांडे मिळून चौकोन होतो आणि चौकोन कलंडतो. तिरपा दांडा घातला म्हणजे त्रिकोण होतो आणि त्रिकोण कलंडत नाही, हे त्याने विसरू नये. परांची भिंतीला ठराविक अंतरावर जखडलेली असावी. अमेरिकन नियमाप्रमाणे रुंदीच्या चौपटीहून उंची अधिक झाली की असा आधार अवश्य आहे, आणि अपेक्षित भाराच्या चौपट भार पेलण्याची तिची ताकद असली पाहिजे. फळ्या सलग असाव्यात, कठडा असावा आणि हत्यारे खाली घसरू नयेत म्हणून कडेला उभी पट्टी असावी. ब्रिटनमध्ये २००५ च्या नियमांनुसार दोन मीटर किंवा अधिक उंचीवरून पडण्याचा संभव असलेली परांची दर सात दिवसांच्या आत तपासावी लागते. वादळी हवेनंतर तर अवश्यच.

आपल्या देशात बांधकाम-कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला आणि १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांचीसाठी सविस्तर तरतुदी आल्या. बांधकामखर्चावर उपकर घेऊन कामगारांच्या कल्याणाचा निधी उभारण्याची योजनाही त्याच वर्षीची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या असून १९९६ चा तो कायदा त्यांत सामावला गेला आहे. कल्याण मंडळाकडे नोंदणी करण्यासाठी वय १८ ते ६० असावे आणि मागील बारा महिन्यांत निदान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे, ही मुख्य अट कायम आहे. खेदाची गोष्ट अशी की, आज हक्क असूनही नोंदणी नसल्यामुळे अनेक कुटुंबे अपघाताच्या प्रसंगी रिकाम्या हाताने परत येतात. ज्या घरात कोणी बांधकामावर जातो त्या घराने हा लेख बाजूस ठेवून प्रथम हे काम करावे.

चढत्या पायऱ्या

आता तरुणांच्या दृष्टीने विचार करू. ह्या व्यवसायात प्रवेश सोपा आहे. परंतु तेथेच अडकून राहणेही सोपे आहे. बांबू वाहून देणारा मजूर दहा वर्षे बांबूच वाहत राहिला तर दोष कामाचा नव्हे. वर जाण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, त्या माहीत मात्र असाव्या लागतात.

ब्रिटनमधील पद्धती ह्या बाबतीत नमुनेदार आहे. तेथे उमेदवार प्रथम साहाय्यक म्हणून कामावर राहतो. नंतर दहा दिवसांचा पहिला अभ्यासक्रम करतो. मध्यंतरी निदान सहा महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतो. मग दहा दिवसांचा दुसरा अभ्यासक्रम. त्यानंतर कामावरील मूल्यमापन व एक दिवसाची हस्तकौशल्याची कसोटी. एवढे झाल्यावर त्यास परांचीकार म्हणून ओळखपत्र मिळते. पुढे अनुभवाने व आणखी शिक्षणाने तो प्रगत परांचीकार, देखरेख करणारा व तपासनीस होऊ शकतो. ओळखपत्राची मुदत पाच वर्षांची असते. म्हणजे एकदा शिकून भागत नाही. ह्याच संस्थेने परदेशांसाठी तीन पातळ्यांची निराळी योजना आखली असून आखाती देशांत तिला मान आहे. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत टाक्या, मनोरे व नळजाळे यांची दुरुस्ती सतत चालते, आणि परांचीवाचून तेथे एक बोल्टही फिरविता येत नाही. कोकणातून व इतर जिल्ह्यांतून आखातात जाणाऱ्या आपल्या मुलांनी मजूर म्हणून जावे की प्रमाणपत्रधारक कारागीर म्हणून, हा प्रश्न निघण्यापूर्वी सोडवावयाचा असतो. तेथे पोहोचल्यावर नव्हे.

भारतातही बांधकाम-कौशल्य विकास परिषदेने साहाय्यक व कारागीर अशा पात्रता ठरविल्या आहेत आणि काही मोठ्या बांधकाम-कंपन्या स्वतःच्या शाळा चालवितात. गणितात गती असलेल्या मुलास, आणि मुलीसही, परांचीच्या आराखड्याचे व तपासणीचे दालन खुले आहे. तेथे उंचीवर चढण्याच्या धाडसापेक्षा भाराचे गणित अधिक लागते.

ज्यास स्वतंत्र धंदा करावयाचा आहे त्याने त्याचे अर्थशास्त्र समजून घ्यावे. परांचीच्या ठेकेदारास उभारणी, भाडे आणि उतरणी ह्या तिन्हींचे पैसे मिळतात, आणि तीच नळी वर्षानुवर्षे एका कामावरून दुसऱ्या कामावर जाते. ह्यातच लाभ आहे. परंतु नळ्या वाकतात, चाप हरवतात, काम लांबते आणि बिले थकतात. ह्यातच तोटा आहे. म्हणून प्रत्येक कामावर किती नग गेले व किती परत आले याची वही रोज लिहावी, भाड्याची मुदत करारात स्पष्ट असावी आणि कर्ज काढून गोदाम भरण्यापूर्वी दोन-चार कामे दुसऱ्याच्या हाताखाली पुरी करावीत. वाकलेली नळी स्वस्त म्हणून घेऊ नये. तिची किंमत कोणाच्या तरी जिवाने भरली जाते.

ग्रामीण ज्ञातिबांधवांसही एक शब्द. २०१७ साली वनकायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू हा वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या जमिनीतील बांबूची तोड व वाहतूक सुकर झाली. सिंधुदुर्गातील माणगा बांबू सरळ, भरीव आणि बिनकाट्याचा म्हणून नावाजलेला आहे. मोठ्या इमारतींवर पोलाद आले तरी लहान घरे, रंगकाम, मंडप आणि कमानी यांसाठी बांबूस मागणी आहेच.

ज्ञातिमंडळास विनंती

आपल्याकडे वार्षिक संमेलनात पदवीधरांचा सत्कार होतो ही अभिमानाची गोष्ट आहे. ती प्रथा चालू राहावी. त्याच व्यासपीठावर हस्तव्यवसायाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणांचाही सत्कार व्हावा, अशी नम्र सूचना करावीशी वाटते. शिष्यवृत्तीच्या निधीतील काही भाग अशा अल्पमुदतीच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा. महाविद्यालयाच्या एका वर्षाच्या खर्चात अशा काही मुलांचे शिक्षण होण्याजोगे आहे. ज्ञातीतील अनुभवी गवंडी, सुतार, परांचीकार व ठेकेदार यांची नावे, कामे आणि अनुभव यांची एक नोंदवही मंडळाच्या कचेरीत असावी, म्हणजे नव्या मुलाने कोणाकडे जावे हे त्यास विचारता येईल आणि जुन्यांचे कर्तृत्वही कागदावर राहील. कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षातून एक दिवस ठरवून कागदपत्रे भरून देण्याचे काम शिकलेल्या तरुण-तरुणींनी अंगावर घ्यावे.

मातापित्यांस एवढेच सांगावयाचे की, मुलगा परांचीवर चढणार म्हटल्यावर आईच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे. तिने त्यास अडवू नये; परंतु काही प्रश्न अवश्य विचारावेत. तू हे काम कोठे शिकलास? पट्टा कोण देतो आणि तो कशाला अडकवितोस? परांची तपासली कोणी, आणि सही कोणाची आहे? ज्या मालकाकडे ह्या प्रश्नांची उत्तरे आहेत तेथे मुलास निर्धास्त पाठवावे. ज्याच्याकडे नाहीत त्याचा पगार कितीही मोठा असो, तेथे पाठवू नये.

झाबालिया निरक्षर होता, तरी त्याचे नाव अडीचशेहून अधिक वर्षे टिकले, कारण त्याची विद्या लिहून ठेवणारी आणि तिला मान देणारी संस्था त्याच्या पाठीशी होती. आपल्या मुलांना अक्षरओळख आहे, शिक्षणाच्या सोयी आहेत आणि कायद्याचा आधारही आहे. संस्थेचे काम आपण सर्वांनी मिळून करावयाचे आहे. येत्या वर्षी ह्या दिशेने एखादे पाऊल पडले आणि पुढील अंकात त्याची हकीकत छापता आली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे समजता येईल.